मेटल डिटेक्टर शिकताना : यंत्र, नगरची जमीन आणि कायदा

आजचा विषय थोडा वेगळा आहे. स्क्रीनवर आकडे दाखवणारी, वेगवेगळे आवाज काढणारी मेटल डिटेक्टरची यंत्रं आता घरबसल्या मागवता येतात. कुणी शेतात हरवलेली अंगठी शोधायला घेतं, कुणी मातीखाली गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह सापडेना म्हणून घेतं. आणि खरं बोलायचं तर पुष्कळजण गुप्तधनाच्या आशेनं घेतात. खोक्यातून यंत्र बाहेर येतं, सुरू होतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत इतकं वाजतं की माणूस एकतर वेडा होतो, नाहीतर यंत्र माळ्यावर टाकतो.

आज आपण तीन गोष्टी बघणार आहोत. यंत्र नेमकं काय ओळखतं, आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जमिनीत ते शिकायचं कसं, आणि कुठे ते मुळीच न्यायचं नाही. तिसरी गोष्ट लोक ऐकून सोडून देतात, पण आपल्या जिल्ह्यात तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. का, ते दायमाबाद आणि नेवाशाकडे आलो की कळेल.

यंत्र काय ओळखतं

यंत्राच्या खालच्या टोकाला जी ताटली असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूमध्ये छोटे छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात आणि ते उलट स्वतःचं एक क्षीण क्षेत्र तयार करतात. दुसरं वेटोळं ते ऐकतं. एवढंच. यंत्र सोनं "बघत" नाही. धातूकडून आलेलं उत्तर किती जोराचं आहे आणि किती उशिरा आलं आहे, हे ते मोजतं.

हा उशीर महत्त्वाचा. चांदी, तांबं हे विजेचे उत्तम वाहक, त्यांचं उत्तर एका प्रकारे येतं. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्याचं वेगळं येतं. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा त्याहून वेगळा. या फरकावरून यंत्र स्क्रीनवर एक आकडा दाखवतं, त्याला टार्गेट आयडी म्हणतात. नवशिक्याची पहिली गफलत इथे होते. त्याला वाटतं आकडा म्हणजे धातूचं नाव. तसं नाही. वस्तूचा आकार, जाडी, ती आडवी आहे की उभी, किती खोल आहे, या सगळ्यांचा मिळून तो आकडा होतो. सोन्याची नाजूक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा चुरगळलेला चंदेरी कागद यांचे आकडे सहज एकमेकांवर पडतात. म्हणून जो दुकानदार "हे फक्त सोन्यालाच वाजतं" म्हणतो, तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय.

आपल्या खिशातलीच गंमत बघा. सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात, कारण ती चुंबकीय स्टेनलेस स्टीलची आहेत. यंत्राला ती लोखंडाच्या बाजूची वाटू शकतात. उलट ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया खणखणीत वरचा आकडा देतो. म्हणजे "लोखंड वगळा" असं बटण दाबलं तर आजचं नाणंही वगळलं जाऊ शकतं.

या विद्येचा इतिहासही शिकवणारा आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन आले. यंत्र ठीक होतं, पण गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांना गोळी ज्या बाजूला आहे असं ठाम वाटत होतं तीच बाजू तपासली गेली. दोन्ही धडे आजही लागू आहेत. आसपासचा धातू आधी दूर करा, आणि आधीच ठरवलेल्या उत्तराच्या मागे यंत्र फिरवू नका.

आपली जमीन गप्प बसत नाही

बहुतेक यंत्रांची पुस्तिका परदेशी जमिनीचा विचार करून लिहिलेली असते. आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसला आहे. या खडकात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांनी भरलेलं असतं. लहानपणी आपण सगळ्यांनी वाळूत चुंबक फिरवून त्याला चिकटलेली काळी पूड गोळा केली आहे. तीच ही. हा खडक झिजून आपली काळी माती झाली, मुरूम झाला, प्रवरेची-मुळेची वाळू झाली. त्यामुळे इथली जमीन स्वतःच यंत्राला उत्तर देते. नवशिक्याला वाटतं सगळीकडे धातूच धातू आहे. खरं तर जमीनच बोलत असते.

यावर उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. म्हणजे यंत्राला सांगायचं, "हा जमिनीचा आवाज आहे, तो सोडून दे." त्याची रीत अशी. आधी सगळे धातू वाजतील असा मोड लावून एक हातभर जागा निवडा जिथे ठाशीव आवाज येत नाही. मग कॉइल जमिनीला समांतर धरून साधारण फूटभर उंचीवरून जमिनीच्या दोन बोटं वरपर्यंत हळूहळू खाली-वर करा. काही यंत्रांत त्या वेळी एक बटण दाबून धरलं की यंत्र आपोआप जुळवून घेतं, काहींत आकडा हातानं कमी-जास्त करावा लागतो. कॉइल खाली-वर करताना आवाज जवळजवळ सारखा राहिला की बॅलन्स झाला.

आणि हे दिवसातून एकदा करून भागत नाही. काळ्या रानातून मुरमाच्या माळावर गेलात, नदीच्या वाळूत उतरलात, पाऊस पडून जमीन ओली झाली, की पुन्हा करायचं. उन्हाळ्यात काळ्या मातीला मोठ्या भेगा पडतात, तिथे कॉइल आणि माती यांच्यातलं अंतर सारखं बदलतं आणि यंत्र चळवळ करतं. अशा जागी सराव करूच नका. चूल, वीटभट्टी, जळालेल्या भिंती यांची भाजलेली मातीही जास्त चुंबकीय होते, तीही फसवते.

दुसरं बटण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तीक्ष्ण ठेवायचा ते. सगळ्यांना वाटतं ते पूर्ण वाढवलं की खोलवरचं सापडेल. आपल्या जमिनीत उलटं होतं. कान जितका तीक्ष्ण, तितका जमिनीचाच कलकलाट जास्त. यंत्र शांत होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी कमी करा. शांत यंत्राला ऐकू येतं, ओरडणाऱ्याला नाही. विजेच्या तारा, मोटारपंपाची केबल, खिशातला मोबाइल यांचाही त्रास होतो. मोबाइल लांब ठेवा.

यंत्र कोणतं घ्यावं हा प्रश्न येतोच. एकाच वारंवारतेवर चालणारी साधी यंत्रं शिकायला पुरतात. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी महागडी यंत्रं आपल्यासारख्या खनिजयुक्त जमिनीत जास्त स्थिर राहतात. पल्स इंडक्शन नावाचा तिसरा प्रकार अशा जमिनीत खोल जातो, पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक सांगण्यात कच्चा असतो. ज्याच्या शेतात लोखंड फार, त्याला तो थकवेल.

सरावाचा क्रम

आम्ही नेहमी सांगतो, पहिला महिना यंत्र घराच्या अंगणाबाहेर नेऊ नका. अंगणात किंवा परसात दोन मीटर लांबीचा पट्टा आखा. त्यातला सगळा धातू आधी काढून टाका, खिळेसुद्धा. मग हातहातभर अंतरावर ओळखीच्या वस्तू पुरा: एक लोखंडी खिळा, दहाचं नाणं, तांब्याची जाड तार, पितळी नळाचा तुकडा, बाटलीचं बूच, चंदेरी कागदाची गोळी. प्रत्येकी एक चार बोटं खोल, एक वीतभर खोल. प्रत्येकाजवळ काडी रोवा आणि वहीत लिहून ठेवा.

आता ऐका. स्क्रीनवर नंतर बघा, आधी ऐका. हेडफोन लावा. लोखंड वगळण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवा, सगळं वाजू द्या. कारण खिळ्याशेजारी चांगली वस्तू असेल तर वगळण्याच्या सोयीत खिळ्याबरोबर तीही झाकली जाते. एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि बदलल्यावर काय झालं ते वहीत टिपा. दोन बटणं एकदम फिरवली तर काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

कॉइल फिरवण्याची ढब केरसुणीसारखी नको. केर काढताना हात दोन्ही टोकांना वर उचलला जातो. कॉइल मात्र टोकापर्यंत जमिनीला समांतर आणि जमिनीपासून बोटभर वर राहिली पाहिजे. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा, कारण कॉइलखालचा खोलवर पोचणारा भाग अरुंद होत जातो. यंत्रात रिकव्हरी स्पीड असेल तर तो म्हणजे एका आवाजानंतर यंत्र किती लवकर पुढच्याला तयार होतं. कचरा जास्त असेल तिथे तो वाढवा, मोकळ्या जागी कमी ठेवा.

आवाज आला की लगेच खणू नका. त्याच जागी कॉइल उलट दिशेनं फिरवा. मग नव्वद अंशात वळून पुन्हा फिरवा. चारही बाजूंनी आवाज आणि आकडा जवळजवळ सारखा आला तर वस्तू आहे. एका बाजूनं गोड आणि दुसरीकडून तुटका आला तर बहुधा वाकडा खिळा किंवा बैलाच्या पत्रीचा तुकडा. आडव्या-उभ्या दोन रेघा मनात मारा, त्या जिथे छेदतात तिथे वस्तू. याला पिनपॉइंट करणं म्हणतात. खणायचं तर छोट्या खुरप्यानं, कडेनं, आणि खड्डा पुन्हा बुजवून.

खोलीबद्दल भ्रम नको. नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलीवर मिळाली तर उत्तम झालं. मोठा हंडा किंवा पाइप त्याहून खाली कळू शकतो. पण "तीस फुटांवरची सोन्याची नाणी" दाखवणारं हातातलं यंत्र अस्तित्वात नाही.

फसवं यंत्र ओळखायचं कसं

तरी अशी यंत्रं विकली जातात. मूठ, त्यावर फिरणारी एक अँटेना, आणि कार्ड घातलं की म्हणे सोन्याकडे वळते. आपल्याकडचे पानाडे दुबेळकं किंवा नारळ घेऊन पाणी दाखवतात, तेच हे, फक्त प्लॅस्टिकच्या डब्यात. धरणाऱ्याच्या मनगटाची नकळत होणारी हालचाल अँटेना वळवते. हे फक्त खेड्यापाड्यातच होतं असं नाही. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं असंच पोकळ उपकरण "बॉम्ब शोधक" म्हणून इराकला विकलं. तपासनाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या गेल्या. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

परीक्षा सोपी आहे. पाच सारखी, धातूची नसलेली भांडी उपडी घाला. यंत्रवाल्याच्या पाठीमागे एखाद्या तिसऱ्या माणसानं एकाखाली सोन्याची वस्तू ठेवावी आणि तिथून निघून जावं. असं वीस वेळा करा. अंदाजानंही चारदा बरोबर येईलच. खरं यंत्र वीसही वेळा सांगेल. विकणारा या परीक्षेला तयार नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

आणि गुप्तधनाच्या नावाखाली पूजा, बळी, अघोरी विधी असलं काही कुणी सुचवत असेल तर तो सरळ गुन्हा आहे. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा २०१३ चा महाराष्ट्राचा कायदा गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांनाही लागू होतो.

पांढरीत यंत्र न्यायचं नाही

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे जमिनीला दोन नावं आहेत. पिकते ती काळी, वस्ती झाली ती पांढरी. जुन्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती, खापरं साचून पांढरीचे टेकाड होतात. यंत्रवाल्याला तिथेच जावंसं वाटतं, कारण तिथे वाजतं. आणि तिथेच जायचं नाही.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारींचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या धातुशिल्पांत त्यांची गणना होते. पुढे १९७९ पर्यंत तिथे मोठं उत्खनन झालं आणि सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे वस्तीचे एकावर एक थर उलगडले. पण त्या चार वस्तू पद्धतशीर उत्खननात, थरातून मिळालेल्या नव्हत्या. म्हणून त्यांचा काळ कोणता यावर वाद राहिला. अनेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवतात, काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, तो आपलं काम करत होता. पण यातून कळतं काय? वस्तू हातात आहे, वजन माहीत आहे, धातू माहीत आहे, तरी तिचं वय ठाम सांगता येत नाही, कारण ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती याची नोंद नाही.

आता याची उलट बाजू नेवाशात दिसते. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोरा थोडासा टिकला होता. तपासणीत त्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस निघाला. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी रेशमाचा दोरा होता, हे त्या चिमूटभर धाग्यावरून कळलं.

विचार करा, तिथे यंत्र आधी पोचलं असतं तर? यंत्र मण्यांना नक्की वाजलं असतं. खुरप्यानं चार हिरवे मणी वर आले असते, कुणी ते चिंच-मिठानं घासून लख्ख केले असते. दोरा गेला असता, मूल गेलं असतं, थर गेला असता. हातात राहिलं असतं काही रुपयांचं तांबं. यंत्राला फक्त धातू कळतो. माहिती मात्र धातूच्या भोवतालच्या मातीत असते, आणि ती एकदाच वाचता येते.

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं, तेही अशाच पांढरीतून. आपल्या जिल्ह्यात प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठांवर खापरं दिसणारी कितीतरी टेकाडं आहेत. खापरं दिसली की यंत्र बंद.

आणखी एक जागा. नगरजवळ लष्कराचं के. के. रेंज हे रणगाड्यांच्या गोळीबाराचं सरावक्षेत्र आहे. अशा क्षेत्रात किंवा त्याच्या कडेला भंगाराच्या आशेनं यंत्र फिरवणं म्हणजे जिवाशी खेळ. न फुटलेला गोळा यंत्राला फक्त "लोखंड" असा वाजतो.

कायदा थोडक्यात

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची: काय सापडलं, कुठे, कधी. जमीन तुमच्या मालकीची असली तरीही. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि मिळू शकणारा वाटाही जातो. कळवलं तर हक्क बुडतात असा जो समज आहे तो चुकीचा. चौकशीत निधी बेवारस ठरला तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्यातच सांगितला आहे. सरकारनं तो ताब्यात घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देण्याची तरतूद आहे.

१९५८ च्या कायद्यानं केंद्र संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. राज्य संरक्षित स्थळांसाठी राज्याचा १९६० चा कायदा आहे. आणि १९७२ च्या कायद्यानुसार साधारण शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, वस्तू या पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मग आमच्यासारख्यानं यंत्राचा उपयोग करायचा तरी कुठे?*

भरपूर ठिकाणी. भुईमूग काढताना पडलेलं मंगळसूत्र, खुरपणीत हरवलेली अंगठी, मातीत गाडलेली पाइपलाइन, ऊस लावण्याआधी रानातले खिळे आणि तारा. आणि गोठ्यात. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गाईच्या पोटात जातो, जाळीपोटात टोचतो, कधी हृदयापर्यंत पोचतो. पशुवैद्य निदानाला मेटल डिटेक्टर वापरतात. ते निदान त्यांनीच करायचं, पण आपण वैरणीच्या जागेतल्या तारा आधीच काढल्या तर गाय वाचते. दुधाच्या जिल्ह्यात हा उपयोग काही लहान नाही.

*विहीर खणताना जुनं काही निघालं तर?*

काम त्या जागी थांबवा. वस्तू जागेवर असेल तर हलवू नका, निघालीच असेल तर धुवू-घासू नका, मातीसकट ठेवा. शेजारी पट्टी किंवा खुरपं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. खोली मोजा. तलाठ्यांना सांगा आणि तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, ती तुमच्या संरक्षणाची आहे.

*शाळेतल्या मुलांना हे शिकवावं का?*

जरूर. अंगणातला तो दोन मीटरचा पट्टा शाळेच्या आवारातही करता येतो. मुलांना चुंबकत्व, विजेचे वाहक, नोंद ठेवणं हे सगळं एका खेळात कळतं. फक्त त्या पट्ट्यात एक खापराचा तुकडाही पुरा, आणि मुलांना विचारा की यंत्राला हे का कळलं नाही.